चरबी निवडली कोणी?

दर वर्षी १० मे, सत्तावन्नच्या उठावाचा दिवस, जवळ आला की कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं : बोटभर चरबीसाठी शिपाई पेटले. म्हणणारे दोन जातीचे असतात. एकाला सुचवायचं असतं की आपला शिपाई अडाणी, सोवळ्याओवळ्यात बुडालेला, सुधारलेली बंदूक हातात दिली तरी तो तिचा वास घेत बसला. दुसरा देशभक्त असतो. त्याला चरबीची लाज वाटते. तो म्हणतो, चरबी कसली घेऊन बसलात, ते तर निमित्त, खरी कारणं वेगळी. दोघांचं पटत नाही असं त्यांना वाटतं, पण एका बाबतीत त्यांचं पक्कं जमतं. काडतुसाला काय लावलं होतं, कोणी लावलं आणि का लावलं, हा प्रश्न दोघांच्याही लेखी फडतूस आहे.

मला तो फडतूस वाटत नाही. शिशाच्या गोळीला वंगण कुठलं लावायचं, हा कारागिराचा प्रश्न आहे. त्याला उत्तरं एकाहून अधिक असतात, त्यातलं एक कोणीतरी निवडतं आणि निवडणाऱ्याला जाब विचारता येतो. 'अंधश्रद्धा' आणि 'निमित्त' या दोन शब्दांनी नेमका हा निवडणारा माणूस झाकला जातो.

जव्हारकडच्या आमच्या दाभोशात शिसं आजही घरी ओततात, पण मासळीसाठी. पागाच्या काठाला शिशाच्या गोळ्या लागतात, नाहीतर जाळं पाण्यावर पसरतं आणि तळाशी बसत नाही. भंगारातलं शिसं लोखंडी पळीत घालून चुलीच्या निखाऱ्यावर धरलं की थोड्या वेळाने ते कडेने सुटायला लागतं. वर करडी साय धरते. काडीने ती बाजूला सारली की खाली चकचकीत, जड, डुलणारं शिसं दिसतं. साचा दमट असेल किंवा थेंबभर पाणी पडलं तर ते तडतडून उसळतं, म्हणून पोरांना लांब बसवतात. (धूर अंगाला वाईट, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरीही खोकत खोकत सगळे तिथेच बसतात.) थंड झालेल्या गोळीवर नखाने रेघ ओढता येते, इतकी ती मऊ असते. हा मऊपणा लक्षात ठेवायचा, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यामुळे आहे.

कंपनी सरकारच्या शिपायाकडे पिढ्यान् पिढ्या जी 'ब्राऊन बेस' होती, तिची नळी आतून गुळगुळीत, पाऊण इंच रुंद. गोळी गोल आणि नळीपेक्षा बरीच बारीक. ती खुळखुळत खाली जायची, तिला वंगण लागत नव्हतं. शंभर वारांपलीकडे नेम धरणं म्हणजे नशीब आजमावणं. त्या बंदुकीचंही काडतूस कागदाचंच होतं आणि शिपाई ते दातांनीच फोडायचा. दात लावण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, हे 'अडाणी शिपाई' म्हणणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावं. शिपायाने नव्या गोष्टीला आंधळेपणाने नकार दिला असं नव्हे. जुनी गोष्ट तो रोज तोंडात घेत होता. नवीन होती ती चरबी.

१८५३ ची एनफिल्ड वेगळी. नळी अर्ध्या इंचाहून जराशी मोठी, आत तीन पिळदार खाचा. गोळी लांबट, साधारण ३४ ग्रॅम वजनाची, शुद्ध मऊ शिशाची. बार उडाला की गोळीचं बूड फुगायचं, खाचांत घट्ट बसायचं, गोळी गिरकी घेत बाहेर पडायची आणि कित्येक शे वारांवर माणूस टिपायची. पण काळी दारू फार घाण जळते. तिचं निम्म्याहून अधिक वजन वायू होतच नाही. काही धुरात उडतं, उरलेलं काजळी होऊन नळीला चिकटतं. दहापाच बार झाले की तोंडाकडून ठासायची गोळी त्या काजळीत अडकायची. शिवाय मऊ शिसं खाचांना घासून तिथे लेप धरतं. यावर उपाय एकच : गोळीभोवतीच्या कागदाला बाहेरून काहीतरी स्निग्ध फासायचं, म्हणजे दर नवी गोळी जुनी काजळी मऊ करत खाली उतरते. वंगण हवंच होतं, याबद्दल माझा वाद नाही. विलायतेत ते चरबी आणि मधमाशांचं मेण मिळून करत.

इथे पहिल्या पक्षाचा हुकमी एक्का येतो : शास्त्राला चरबीच लागते, शिपायाच्या भावनेपायी तोफखान्याने विज्ञान सोडायचं का?

शास्त्रच बोलू या. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. गुराची चरबी ४० च्या पुढे केव्हाही सुटायला लागते आणि मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडते. मे महिन्यात मी दोन शिशाच्या गोळ्या कागदात गुंडाळल्या. एका कागदाला खाटकाकडची चरबी चोळली, दुसऱ्याला आग्या मोहोळाचं मेण. दोन्ही पुड्या दुपारी नदीकाठच्या कातळावर ठेवल्या. जेवून परत येईतो चरबीचा कागद आरपार पारदर्शक झाला होता, खालच्या दगडावर डाग पसरला होता आणि माश्या बसल्या होत्या. मेणाचा कागद बोटाला चिकटत होता, पण मेण लावलं तिथेच होतं. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे. पण काडतूस म्हणजे अशीच कागदाची पुडी, एका टोकाला गोळी आणि दुसऱ्या टोकाला दारू. चरबी सुटली की ती कागदातून दारूकडे सरकते आणि दारू स्निग्ध झाली की बार फुसका. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात दारूगोळा सांभाळणाऱ्या कोणालाही हे सांगायला रसायनशास्त्री लागत नाही.

भरीला चरबीतली आम्लं शिशाला खातात. पेटीत महिनोन् महिने पडलेल्या गोळीवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, गोळीचा घेर वाढतो आणि वंगण लावून जे साधायचं त्याच्या उलट घडतं. तेव्हा चरबी हे 'शास्त्राने ठरवलेलं' उत्तर नव्हतं. ते स्वस्त होतं, मुबलक होतं आणि विलायतेच्या थंडीत जमून गेलेलं होतं. हिंदुस्थानात मेणाचा दुष्काळ होता म्हणावं, तर सह्याद्रीतल्या कुठल्याही कड्याकडे मान वर करून पाहावं. मोहोळं लटकलेली दिसतील. मोहाच्या बियांचं तेल तर आमच्याकडे थंडीत तुपासारखं थिजतं. मेण आणि तेल यांचं मिश्रण हवं तेवढं घट्ट किंवा पातळ करता येतं, हे जोड्याला किंवा दोरीला मेण लावणाऱ्या कोणालाही ठाऊक होतं.

हे मला आज सुचतंय असंही नाही, आणि वादातला सगळ्यात कडवट भाग हाच आहे. सरकारला हे वेळेवर सांगितलं गेलं होतं. १८५३ साली वंगण लावलेली काही काडतुसं विलायतेहून इकडची हवा सोसतात का हे पाहायला आली. त्या डिसेंबरातच बंगाल लष्कराचे अॅडज्युटंट जनरल टकर यांनी लिहून कळवलं की यावरचं वंगण जातीधर्माला बाधा आणणारं नाही अशी खात्री झाल्याशिवाय ती देशी पलटणींना देऊ नयेत, गोऱ्यांनाच द्यावीत. म्हणजे ठिणगी पडायच्या तीन वर्षं आधी, सैन्याच्या वरच्या अधिकाऱ्याने, लेखी. तो कागद दप्तरात राहिला. काडतुसं शिपायांच्या पेट्यांत घालून हवेची परीक्षा मात्र पार पडली.

यावर लगेच कोणी म्हणेल, पाहा, तेव्हा शिपायांनी ती महिनोन् महिने बाळगली, हूं की चूं केलं नाही. अहो, त्यांना त्यात काय आहे हे सांगितलं होतं कुणी? ज्याला माहीतच नाही त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणायचं असेल, तर मग कुठल्याही फसवणुकीला संमती म्हणता येईल.

मग जानेवारी १८५७. कलकत्त्याजवळ डमडमला नव्या रायफलीचं शिक्षण चालू होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोटा मागितला. तो मिळाला नाही. त्यावर खलाशी म्हणाला की थांबा, गाईची नि डुकराची चरबी लावलेली काडतुसं तोडायला लागलात की तुमची जात कुठे राहील ते बघू. कॅप्टन राइट यांनी २२ जानेवारीला ही हकीकत वर कळवली. जनरल हिअर्सी यांनी ती पुढे पाठवताना सुचवलं की शिपायांना बाजारातून आपलं आपण वंगण आणू द्यावं. महिना संपायच्या आत सरकारने तसा हुकूमही काढला : काडतुसं कोरी द्यावीत, शिपायांनी हवं ते लावावं.

या हुकुमावर क्षणभर थांबू. शिपायाने आणलेलं मेण-तेल चालणार होतं, तर ते आधी का चालत नव्हतं? एका आठवड्यात जे 'शास्त्र' बदलता आलं ते तीन वर्षांत बदलता आलं नाही, याचं कारण नळीत नव्हतं, कचेरीत होतं. दारूगोळा खात्याचे प्रमुख कर्नल अॅबट यांना विचारलं गेलं तेव्हा त्यांचं उत्तर असं की चरबी ठेकेदाराकडून घेतली जात होती आणि नकोशा जनावराची चरबी तीत येऊ नये म्हणून खास काळजी घेतल्याचं दिसत नाही. सरकारी भाषेतला हा कबुलीजबाब आहे. शिपायाचा संशय होता की चरबी गाईची असेल. कचेरीचं उत्तर होतं, असेलही, आम्ही विचारलं नाही. यातलं अडाणी कोण?

पुढे जॉर्ज फॉरेस्ट यांनी लष्करी खात्याची ही कागदपत्रं छापली. ती वाचून लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या पक्क्या साम्राज्यवादी सेनापतीने १८९७ च्या आपल्या आठवणींत मान्य केलं की आक्षेपार्ह वस्तू वंगणात खरोखरच होत्या आणि शिपायांच्या धर्मभावनेची पर्वा केली गेली नव्हती. माझ्या मते गाईच्या चरबीची बाजू भक्कम आहे, डुकराच्या चरबीचा पुरावा तितका ठाम नाही. पण ठेकेदाराच्या पिंपाला कोणी तोंडच लावून पाहिलं नाही म्हटल्यावर, नव्हतीच असं छातीठोक सांगण्याचा हक्कही सरकारने घालवला होता.

'दात लावायचं टोक वेगळं होतं' हाही एक आवडता मुद्दा आहे. खरं आहे. चरबी गोळीच्या टोकाला, दात दारूच्या टोकाला. नकाशावर हे फार स्वच्छ दिसतं. हातात दिसत नाही. काडतूस फोडून दारू ओतायची, मग ते उलटं करून चरबीचं टोक नळीच्या तोंडात घालायचं, उरलेला कागद बोटांनी तोडायचा, ठासायचं, आणि त्याच बोटांनी पुढचं काडतूस तोंडाकडे न्यायचं. सरसेनापती अॅन्सन यांनी मार्चमध्ये अंबाल्याला काडतुसं प्रत्यक्ष पाहिली आणि गव्हर्नर जनरल कॅनिंग यांना लिहिलं की शिपायांच्या हरकतीचं आता आपल्याला तितकं नवल वाटत नाही, इतका लेप त्यावर असेल अशी कल्पना नव्हती, ठासल्यावर नळीचं तोंडही त्याने माखतं. सरसेनापतीला काडतूस बघायला मार्च उजाडला. शिपाई ते जानेवारीपासून बघत होता.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा : चरबीची काडतुसं देशी पलटणींना सर्रास वाटलीच गेली नाहीत. मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या रिसाल्याच्या नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी जी नाकारली ती जुन्याच पद्धतीची होती. इतिहासकार हे सांगतात आणि ते बरोबर आहे. पण त्यातून निघतं काय? एकदा कारखान्याने न विचारता चरबी वापरली, मग घाईघाईने काढून घेतली, मग कागद चकाकतो म्हणून शिपायांनी कागदावर संशय घेतला, मग दात सोडून बोटांनी फाडायचा नवा नियम आला. दर पावलाला सरकार म्हणत होतं 'काही नव्हतं' आणि करत होतं ते 'काहीतरी होतं' असं. अशा सरकारच्या कोऱ्या काडतुसावर कोण विश्वास ठेवेल? विश्वास गेल्यावर जुना माल नवा वाटतो. ९ मे रोजी त्या पंच्याऐंशी जणांना सगळ्या छावणीसमोर बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये महूकडे शिपायांच्या तोंडून ऐकलेली काडतुसांची हकीकत येते, आणि तिला सगळ्यांचा धर्म बुडवण्याच्या चौऱ्याऐंशी कलमांच्या यादीचं शेपूटही जोडलेलं आहे. ती यादी खोटी होती. पण अफवेला उभं राहायला खऱ्या चरबीचा एक पाय होता. म्हणून ती कलकत्त्याहून माळव्यापर्यंत चालली.

आता दुसऱ्या, देशभक्त पक्षाकडे. त्यांच्या बाजूने माझ्याच शेजारचा दाखला देतो, म्हणजे मी तो दडवला असं व्हायला नको. १८५७ च्या डिसेंबरात, इथून डोंगर ओलांडला की येणाऱ्या हरसूलला कोळ्यांनी उठाव करून बाजार लुटला. त्यात हात असल्याच्या आरोपावरून पेठ संस्थानचे भगवंतराव फाशी गेले. नगर-नाशिककडे भागोजी नाईकांचे भिल्ल १८५९ पर्यंत लढत राहिले. या लोकांच्या हातात होत्या तोड्याच्या बंदुका, तिरकमठे आणि घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या. एनफिल्डचं काडतूस त्यांच्या दृष्टीसही पडलं नसेल. त्यांच्या रागाला सावकार, रान आणि गेलेलं राज्य पुरेसं होतं. उलट याच महादेव कोळ्यांतून कॅप्टन नटॉल यांनी सरकारसाठी कोळी पलटण उभी केली, तीही याच काळात. तेव्हा सत्तावन्नचं सगळं रामायण चरबीवर घडलं असं मी म्हणत नाही.

पण 'निमित्त' म्हणून चरबी उडवून लावणारे एक गोष्ट विसरतात. कारणं कितीही खोल असली तरी अवधच्या शेतकऱ्याचा मुलगा असलेला शिपाई, मुसलमान स्वार आणि बनारसचा ब्राह्मण या तिघांना एकाच दिवशी एकाच गोष्टीचा संताप यावा, हे जमिनीच्या साऱ्याने झालं नव्हतं. ते एका पिंपातल्या वंगणाने झालं. चरबीची लाज वाटून ती मजकुरातून गाळली, की सरकारी कचेरीचा निष्काळजीपणाही तिच्याबरोबर गळून जातो. साम्राज्याचे वकील त्याबद्दल आपले आभारच मानतील.

आणि त्या खलाशाचं काय? दोन्ही पक्षांच्या भाषणांत तो एका वाक्यापुरता येतो आणि जातो. एक त्याला अफवेचा जनक म्हणतो, दुसरा क्रांतीचा दूत. त्याचं नाव म्हणून पुढे जे सांगितलं जातं त्यावर मी भर देणार नाही. पण कारखान्यात काय शिजतं हे त्याला माहीत होतं, कारण तिथे हात घालायचं काम त्याच्या वाट्याचं होतं. टकर यांना शंका होती, अॅबट यांनी चौकशी केली नव्हती, आणि माहिती होती ती ज्याला लोटा नाकारला त्या माणसाला. शिपायाची बाजू घेतानाही हे मी लपवणार नाही : ज्या सोवळ्याने चरबीवर बोट ठेवलं त्याच सोवळ्याने लोटा मागे घेतला होता. जव्हार-मोखाड्यात बसून सत्तावन्नवर भाषण ठोकणाऱ्यांनी हा लोट्याचा भाग घाईने उरकू नये. इथल्या ऐकणाऱ्यांत लोटा नाकारलेल्यांची नातवंडं-पणतवंडं बसलेली असतात.

राहता राहिला तोफखान्याचा अभिमान. बंड मोडल्यावर एनफिल्डच्या काडतुसाची नव्याने बांधणी झाली तेव्हा त्यावर चरबी उरली नाही. नुसतं मधमाशांचं मेण आलं. त्यानंतरच्या स्नायडर रायफलीच्या गोळीलाही मेणच. बंदूक काही वाईट चालली नाही.